नावे घालून मिळतील

भांडी बाजारात, बोहरपट्टीकडे वळायच्या आधी,
एका दुकानाच्या पायरीशी माझं टेबल आहे.
टेबल म्हणजे फळी. मशीन म्हणजे सुई.
बत्तीस वर्षं स्टीलवर नाती कोरतोय:
'चि. सौ. कां. हेमलता हिस मामांकडून',
आणि मामांचं नाव हेमलतेपेक्षा मोठं.
रिवाजच आहे. देणारा ठळक.

मंगळवारी अंबडहून क्षेमकल्याणींचा मुलगा आला,
द्राक्षांचं खोकं पोटाशी धरून.
लेझर बंद पडलंय काका, गुरुवारी माल निघायचाय.
खोक्यात फोम, फोमात एकतीस पदकं,
अजून कुणाचीच नसलेली.

सिएरा लिओन. आफ्रिकेच्या पश्चिमेला.
ऑर्डर ऑफ द रोकेल.
रोकेल कोण?
कोण नाही काका, नदी आहे.

नदी!
मी पदक पालथं केलं.

आमचीही देते मान. घरी येऊन देते.
दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं
की आम्ही माल माळ्यावर चढवतो.
एका साली घाटाकडच्या घरांतून
हंडे, पराती, पोह्यांचे डबे
लग्नाच्या वऱ्हाडासारखे निघाले बाजारातून.
पाणी ओसरल्यावर बायका चिखलात वाकून
नावं वाचत होत्या मोठ्याने:
'कै. अन्नपूर्णा खैरनार स्मरणार्थ', कुणाची हो ही घागर?
आणि गल्लीच्या टोकावरून कुणीतरी ओरडायचं,
आमची! आमची!

असो.

चार प्रती: ग्रँड कमांडर, कमांडर, ऑफिसर, मेंबर.
वरच्या प्रतीला सुई जास्त खोल घालू का, मी विचारलं.
पोरगा हसला. मी खरंच विचारत होतो.

इंग्रजी अक्षरं मी चित्रासारखी काढतो.
यादीत नावापुढे काम लिहिलेलं, ते तो वाचून दाखवी:
न्यायाधीश. फुटबॉल शिकवणारा. पूल बांधणारा.
एकापुढे 'मरणोत्तर',
एवढा लांब शब्द की गोलाईत मावेना.
बारावी यीमा तारावाली. सुईण.
तिचा पहिला वाय, तो फाटे फुटलेला,
मला साधेना. सरावाच्या पत्र्यावर तीनदा काढला,
तिन्ही वेळा पूर्ण नावानिशी,
मग चांदीवर. चांगला आला.

बुधवारी रात्री फोन. बारावं नाव काढा, दुसरं घाला.
दुसरं आखूड होतं. त्याच्यापुढे काम लिहिलेलं नव्हतं.
का काढायचं? मेलमध्ये कारण नाही काका.

मेली असेल तर 'मरणोत्तर' लिहितात, पुसत नाहीत.
नको म्हणाली असेल.
किंवा कुणाच्या तरी बाळंतपणात
जे बघू नये ते बघितलं असेल.
किंवा टायपिंगची चूक, तिचं नाव तिथे नव्हतंच कधी.
मला काय कळणार. मी पायरीवरचा माणूस.

शमीमभाईंच्या बफवर घासलं.
काट्याला फरक दिसला नाही,
अंगठ्याला लागतो:
केसभर खळगा, नाण्याच्या गालावरच्या खळीसारखा.
ज्याच्या छातीवर ते लागेल
तो कधी एकटा असताना मागून बोट फिरवेल
आणि समजेल, असेल चांदीचाच काही स्वभाव.

खोकं गेलं. पैसे आले, एकतीस नावांचे.
बत्तिसाव्याचे मी मागितले नाहीत,
मागायचे तर कोणत्या खात्यात, घालण्याच्या की पुसण्याच्या?

सरावाचा पत्रा फळीच्या डुगडुगत्या पायाखाली आहे.
त्यावर बत्तीस वर्षांचे मामा, हेमलता, अर्धवट गणपती,
आणि एका कोपऱ्यात, पुढच्यापेक्षा पुढचा बरा,
यीमा तारावाली, यीमा तारावाली, यीमा तारावाली.

यंदा पाणी चढलं तर पत्राही जाईल.
सायखेड्याच्या पुढे कुणाच्या मळ्यात अडकेल,
कुणी चिखल पुसून मोठ्याने वाचेल.

बोला ताई. डबा का?
नाव काय घालू?